अर्धा रामराम

हिंगोलीकडून काय आणलंत, असं वाईच्या घाटावर भेटेल तो मला विचारतो. मी सांगतो, वाळक्या अंबाडीची पुरचुंडी आणि खोकला. ऐकणारा हसून पुढे जातो. खरं उत्तर द्यायचं तर त्याला पायरीवर बसवून घ्यावं लागेल, आणि ऐकून झाल्यावर तो माझ्या 'नादोपचार' या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती कृष्णेत सोडून येईल. आता त्यालाही माझी ना नाही.

मी पेटी आणि गाणं शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात असं भरलं की तंबोऱ्याच्या खर्जात श्वास मिसळून रोज घटकाभर बसलं की निद्रानाश, चिंता, चिडचिड आणि अपचन, सगळं पळतं. मी स्वतः चिडका आहे आणि जेवण मला पचत नाही, ही गोष्ट पुस्तिकेत आलेली नाही. चौथ्या प्रकरणाचं नाव आहे 'रुदन: एक बेसूर नाद'. रडण्याने मज्जातंतू शिणतात, म्हणून शोक झालेल्या माणसाने रडू नये, षड्ज लावावा, असं मी त्यात ठासून लिहिलं आहे.

पुरावा म्हणून माझ्याकडे घरचंच माणूस होतं. माझी धाकटी बहीण दुर्गा. तिची पाच वर्षांची चिमी श्रावणात दोन दिवसांच्या तापाने गेली. यजमान रेल्वेत, बदलीच्या गावी एकटे, म्हणून दुर्गा माझ्याकडे राहायला आली होती आणि ते सगळं माझ्याच घरात घडलं. आळीतल्या बायका रडू लागल्या तेव्हा मी तंबोरा घेऊन दुर्गेजवळ बसलो आणि म्हणालो, "रडू नकोस दुर्गे, सूर धर." तिने धरला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. केवढी धीराची, असं सगळे म्हणाले, आणि मी दुसऱ्या आवृत्तीत 'माझ्या निकटच्या एका बाईंचा' अनुभव म्हणून ते छापलं. पूर्वी जात्यावर बसली की शेजारच्या बायका कान देऊन ऐकत, ती दुर्गा त्यानंतर एक ओवी गायली नाही. आमटीत दोनदा मीठ घालायची. झोपायची नाही. गुण हळूहळू येतो आहे, असं मी लोकांना सांगत होतो, आणि यात दीड वर्ष गेलं.

अशात निजामाच्या मुलखातून पत्र आलं. कळमनुरीजवळच्या एका गावचे जमीनदार बापूराव यांनी कुणाकडून तरी माझी पुस्तिका मिळवून वाचली होती. त्यांना झोप येत नव्हती. या, उपचार करा, आणि ज्या बाईंचा अनुभव लिहिला आहे त्यांनाही आणा, कळमनुरीला तुमचा कार्यक्रम ठेवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. दुर्गेला हवापालट होईल असं मी घरात सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, पण माझ्या मनात कार्यक्रम होता.

हिंगोली

गाडीचे हाल सांगत बसत नाही. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि हवेत कापसाचे पुंजके तरंगत होते. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, शिपायाने आमची वळकटी सोडून दिली, तंबोरा मात्र अडवला.

"ये कद्दू काय कू लाये?"

मी त्याला माझ्या हिंदीत सांगितलं की याच्या आवाजाने माणसाची दुखणी बरी होतात. त्याने तिथेच पाय पसरला. "घुटना दुखता. बजाओ."

नाइलाजाने मी फलाटाबाहेर धुळीत बसून तारा लावल्या आणि डोळे मिटून चांगला पाव घटका सूर धरला. डोळे उघडले तेव्हा दहावीस माणसं जमली होती. शिपायाने गुडघा हलवून पाहिला. "दरद तो वैच है," तो म्हणाला, "मगर बैल खामोश हो गये." मग त्याने आमच्या सामानावर खडूने फुली मारली. दुर्गा पदराआड हसल्यासारखी वाटली. नसेलही, पण मी ते वहीत टिपून ठेवलं.

बापूरावांनी दमणी पाठवली होती. हलकी गाडी, खाली कडबा, वर घोंगडी. आमच्याकडे डोंगर माणसाला चहूकडून धरून ठेवतात. इथे जमीन काळी, भेगाळलेली आणि आडवी पसरलेली, आणि पौषातली ज्वारी पुरुषभर उंच. दूरवर पळसाच्या झाडीच्या बुटक्या टेकड्या होत्या. कयाधू नदीचं पाणी बैलांच्या गुडघ्याएवढं. एवढ्या मोकळ्या रानात दुर्गेला बरं वाटेल असं मला वाटलं, आणि लगेच मनात आलं की बरं वाटलं तर श्रेय हवेला जाईल. मी असा माणूस आहे, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घेतलेलं बरं.

बापूरावांच्या घरी

बापूराव म्हणजे भला, जाडजूड, लाल डोळ्यांचा माणूस. त्यांच्या पत्नी गोदाबाई बोलायला फटकळ, पण ताटात हात सैल. पहिल्याच जेवणाला येसराची आमटी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी आणि ताटाएवढ्या भाकरी. आमच्या घरी पाहुण्याला आग्रह करतात तो शब्दांनी. इथे न विचारता वरून तेल ओततात. माझ्या पोटाने दुसऱ्या दिवशीच हात टेकले.

उपचार दुसऱ्या दिवशी जेवणानंतर झाला. बापूरावांना सोप्यात गादीवर निजवलं, उशाशी तंबोरा घेऊन मी बसलो, आणि काय सांगू, पाच मिनिटांत ते घोरू लागले. माझा ऊर भरून आला. तंबोरा भिंतीला टेकवून मी आत गेलो आणि गोदाबाईंना म्हणालो, "पाहिलंत?"

त्या तूर पाखडत होत्या. "अवो मास्तर, गोळी घेतली त्यायनं अफूची. गोळीबिगर डोळाच लागत न्हाई त्यायचा. तुमी एवढ्या दुरून आले, तुमाला बरं वाटावं म्हून आज एक जास्तीची घेतली."

दुर्गा शेजारी बसून सूप झाडत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र रागाने लाल झालो, आणि त्या रागाच्या भरात ठरवलं की कळमनुरीच्या कार्यक्रमात दुर्गेला पुढे बसवायचंच. बापूराव गोळीवर झोपत असतील, पण दुर्गेचा अनुभव तरी माझाच होता. तिला तसं सांगितलं तर "बरं दादा" म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

कापसाच्या रानात

चौथ्या दिवशी गोदाबाई दुर्गेला घेऊन रानात निघाल्या. मीही गेलो, कारण हुरडा होता. बांधावर गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती. गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकून, लसणाच्या चटणीबरोबर खायचा. मी लिंबाखाली बसून हुरडा खात संध्याकाळचं भाषण लिहीत होतो. बोलायला परवानगी लागते त्या मुलखात. बापूरावांनी ती आणवली होती, आणि भाषणात गाण्यापलीकडे काही नाही अशी हमीही भरून दिली होती.

शेतात कापसाची शेवटची वेचणी चालली होती. वेचायला टेकडीवरच्या तांड्यातल्या बायका आल्या होत्या. आरशांच्या चोळ्या, घेरदार घागरे, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे; आता तांडा एका जागी बसला आणि शेती-मजुरी करतो. त्यांच्यातली हिरीबाई म्हणून एक थोराड बाई दुर्गेच्या ओळीला होती. दुर्गाही हौसेने बोंडं वेचत होती. मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाई, लेकरं किती तुला?"

हा प्रश्न तिला कुणी विचारू नये, अशी मी पहिल्याच दिवशी गोदाबाईंना ताकीद दिली होती. तांड्याला कोण ताकीद देणार?

"एक," दुर्गा म्हणाली.

"कुठं हाय?"

दुर्गेचा हात बोंडावर थांबला. मग ती म्हणाली, "नाही."

हिरीबाईने ओटीतला कापूस सोडून जमिनीवर ठेवला. ती सरी ओलांडून आली, दुर्गेच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला जवळ ओढलं, आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेतली आणि रडू लागली. रडू लागली म्हणजे आपण म्हणतो तसं नव्हे. त्यात चाल होती. एक ओळ उंच जायची, पायरी पायरीने खाली यायची, हुंदक्यावर टेकायची, की पुढची ओळ. बोली त्यांची, त्यातला 'याडी' म्हणजे आई एवढाच शब्द मला कळला. लाज वाटते, पण माझ्या हातातली पेन्सिल आपोआप स्वर टिपू लागली होती.

मग त्या आवाजाशेजारी दुसरा आवाज आला. मला तो आधी ओळखू आला नाही. जात्यावरचा आवाज तो, दीड वर्षाने. त्याच चालीत, तसाच उंच जाऊन खाली येणारा:

"चिमे ग, तुझं परकर-पोलकं तसंच आहे ग पेटीत... चिमे ग, तू पाणी मागितलंस ग, पाणी पाणी केलंस ग, आणि मी..."

एवढ्यात मी पोहोचलो होतो. धावत गेलो होतो मी, कागद टाकून, कापूस तुडवत. माझ्या डोक्यात चौथं प्रकरण होतं, संध्याकाळचा कार्यक्रम होता, आणि हिचा घसा बसला तर काय ही भीती होती. आणखीही एक भीती होती, तिला मला अजून नाव देता आलेलं नाही. मी ओढणी बाजूला सारली आणि दुर्गेला दंडाला धरून ओढलं.

"दुर्गे! पुरे! शांत हो. श्वास घे. सूर धर."

ती थांबली. हे सगळ्यांत वाईट, की ती लगेच थांबली. मी तांब्या पुढे केला, "हे घे, पाणी पी." तिने त्या पाण्याकडे पाहिलं. प्याली नाही. तांब्या माझ्याच हातात राहिला.

हिरीबाईचे हात अजून तसेच पुढे होते. आजूबाजूच्या बायका वेचायच्या थांबल्या होत्या. कुणी भांडलं नाही. गोदाबाई बांधावरून आल्या आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "काहून वढलं वो मास्तर तिला?"

"रडत होती ती! त्या बाईने रडवलं तिला."

"रडवलं न्हाई. रामराम करून राहिली व्हती ती."

"रामराम?" मी विचारलं.

"त्यायचा रामराम असाच राहतो. बाया लई दिवसांनी भेटल्या, न्हाईतर कुनाचं दुख कळलं, का गळ्यात पडत्यात अन् रडत्यात. हिनं तिचं सांगायचं, तिनं हिचं. समदं सांगून झालं का डोळे पुसायचे, मंग ख्यालीखुशाली, मंग पानी. तुमी अर्ध्यातच पानी दिलं."

मी म्हणालो, "आमच्यात असं नसतं."

"व्हय, दिसून राहिलं ते," गोदाबाई म्हणाल्या.

कळमनुरी

आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळे माणसं आयती जमली. पुढे कचेरीतली मंडळी आणि वकील, मागे बाजारकरी, एका बाजूला पडदा लावून बायका. मी तासभर बोललो. चांगला बोललो. मग दुर्गेला पुढे बसवून सांगितलं, "या बाईंवर पुत्रीशोकाचा डोंगर कोसळला, पण यांनी एक अश्रू ढाळला नाही." त्याच दिवशी हुरड्याच्या वेळी ढाळलेले अश्रू तिच्या गालांवर अजून दिसत असावेत. मी तंबोरा छेडला आणि मान हलवून खूण केली.

तिने सा लावला. मी तीस वर्षं गाणं शिकवतो; असा स्वच्छ, असा न हलणारा सा मी फारसा ऐकलेला नाही. त्यात कुणीही नव्हतं. लोकांनी वाहवा केली. बापूरावांनी मला हार घातला, शाल दिली. पडद्याआडून गोदाबाई उठून गेलेल्या मला दिसल्या.

माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी कार्यक्रम तोच.

तांडा

रात्री मी जागाच होतो; येसराची आमटी बाधली असं समजत होतो, पण सकाळीही चैन पडेना. मी दुर्गेला म्हणालो, "चल, तांड्यावर जाऊन येऊ. हिरीबाईला भेट. तुझं काय सांगायचं राहिलं ते सांग. मी लांब बसेन."

ती घड्या घालत होती. "आता नको, दादा," ती म्हणाली.

"अग पण..."

"काल होतं ते. आता नाही येत."

म्हणून गोदाबाईंना घेऊन मीच टेकडी चढलो. चाळीसेक झोपड्या, सारवलेली अंगणं, कडब्याच्या गंजी. हिरीबाई ओट्यावर बसून घागऱ्याला आरसा टाकत होती. मी हात जोडून माफी मागितली. भाषण करायची सवय असल्यामुळे जरा लांबलचकच मागितली.

तिने सुई थांबवली नाही. "मला काहून माफी मागून राहिला? माझं एक पोरगं गेलं हाय. त्याचं मी काल रडून घेतलं. माझं झालं. तिचं राहिलं."

"ती यायला तयार नाही. तू चल खाली. तुझ्या मजुरीचा खाडा मी भरून देतो."

आता मात्र तिने वर पाहिलं. गोदाबाईंनी तोंड फिरवलं. आपण काय बोलून बसलो ते मला शब्द सुटल्यावर कळलं.

"असं बलावून न्हाई होत, मास्तर," हिरीबाई म्हणाली, रागावून नाही, लहान पोराला सांगावं तसं. "भेट पडावी लागती. काल पडली व्हती."

"मग आता काय करायचं?"

"अर्धा तोडला तू. तो आता तुज्यापाशी हाय. पुरा करायचा तर तूच कर."

"मला रडता येत नाही तसं."

"न्हाई येत?" तिने विचारलं, आणि गवयाला गाता येत नसावं तसं नवल करून माझ्याकडे पाहिलं. मग उठून तिने मला पाणी दिलं. ते मी प्यालो.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. वाटेत कयाधूवर दमणी थांबली, बैल पाणी प्यायले. दुर्गा त्यांच्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, "दुर्गे, चिमीने पाणी मागितलं, मग?" ती म्हणाली, "वैद्यबुवांनी नको सांगितलं होतं ना," आणि पदर नीट केला. एवढंच. पंचांगातली तिथी सांगावी तशा आवाजात.

घरी

बापूरावांचं पत्र आलं आहे. झोप उत्तम लागते, तिसऱ्या आवृत्तीत आपला हा अभिप्राय अवश्य छापावा, असं लिहितात. हिरीबाईच्या चालीचं स्वरलेखन माझ्या वहीत आहे. जिथे दुर्गेची ओळ तुटली तिथे मी सवयीने उभी रेघ मारलेली आहे, सम आल्यासारखी.

परवा साताऱ्याहून शिकवण्या आटोपून आठ दिवसांनी परत आलो. सबंध वाटभर ठरवत होतो. आमच्या घरात भावाने बहिणीच्या गळ्यात पडायची रीत नाही. वडील वारले तेव्हासुद्धा आम्ही एकमेकांना हात लावला नव्हता. पण तो अर्धा माझ्यापाशी आहे, आणि ठेवून घेववत नाही.

दुपारची वेळ होती. दुर्गेने दार उघडलं. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. ती गोंधळली, वाकून नमस्कार करायला निघाली, तर मी तिला उठवून जवळ घेतलं. "दुर्गे," मी म्हणालो, "चिमी..." आणि छातीत साठलेलं सगळं घेऊन तोंड उघडलं.

सा लागला. खर्जातला, स्थिर, तीस वर्षांच्या मेहनतीचा. मला तो थांबवता येईना आणि मोडताही येईना.

दुर्गा माझ्या खांद्याशी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली, शिकवणीला बसते तशी. मग हळूच बाजूला झाली.

"सूर लागलाय, दादा," ती म्हणाली. "पाणी आणू?"